वीणेपुढचा माणूस

थंडीच्या दिवसांत कॅमेऱ्याला तान्ह्या लेकरासारखं जपावं लागतं, पण सगळं उलटं करून. लेकरू गारठून आलं की आपण त्याला उबेला घेतो. कॅमेऱ्याला तसं घेतलं की त्याला घाम फुटतो. गार काचेवर उबदार, ओलसर हवा बसते आणि भिंग पांढरं पडतं. म्हणून माझी रीत ठरलेली होती. निघतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड सुतळीनं गच्च बांधायचं. आत शिरलो तरी पिशवी लगेच सोडायची नाही. जो काय घाम यायचा तो पिशवीला येऊ द्यायचा. फ्लॅशचे सेल मात्र अंगाशी, बंडीच्या आतल्या खिशात, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शेजारी. गारठलेला सेल म्हाताऱ्या बैलासारखा असतो, उठतो पण ओढत नाही. आणि रोल हळू फिरवायचा. कोरड्या थंडीत झटका दिला तर आतल्या आत ठिणगी पडते, फिल्मवर वाळक्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात.

उदगीरला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नव्या जिल्ह्यामुळं फीत कापायला, कोनशिला बसवायला रोज कुणी ना कुणी साहेब यायचे आणि फोटोला मला बोलावणं यायचं. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. साहेबांच्या गळ्यातले हार टवटवीत आणि हार घालणाऱ्यांचे चेहरे वाळलेले, असे फोटो मी त्या साली पुष्कळ काढले.

धंद्याबाहेर मला नाद एकच, कीर्तनाचा. शिवकीर्तन असो की हरिकीर्तन, कुठं टाळ ऐकू आला की माझी सायकल तिकडं वळायची. आमच्या लिंगायतांच्या गावांत थंडीत शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस अखंड नाम, रोज कीर्तन, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक वीणा. सप्ताह बसला की पहिला वीणेकरी ती गळ्यात घालतो आणि तारेवर बोट सुरू करतो. त्यानंतर सात दिवस वीणा खाली टेकत नाही, तार गप्प होत नाही. प्रत्येकाचा पहारा वाटून दिलेला असतो. पुढचा माणूस आंघोळ करून, भस्म लावून येतो, समोर उभा राहून हात पसरतो, "शरणार्थ" म्हणतो. पहिला आपल्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालतो. नियम दोनच. कुणी मागितल्यावाचून वीणा उतरवायची नाही. आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

एका दुपारी कोनाळवाडीची शिवकांता दुकानात आली. गाव बालाघाटाच्या कडेला, आमच्या जिल्ह्याच्या शिवेवर. ओढा ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो. तिला मी बाजारात बघितलेली होती, तिच्या नवऱ्याला, चन्नबसप्पांना, जास्त ओळखत होतो. चांगल्या गळ्याचा माणूस, पण दमेकरी. थंडी पडली की त्यांचा अभंग अर्ध्यावर तुटायचा आणि मग नुसती छातीची शिट्टी ऐकू यायची.

"एक फोटो काढायचा हाय, अप्पा," ती म्हणाली. "मालकांचा. सप्ताहात वीणा घेऊन उभे हायत."

"काढू की. सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. आज पंचायत समितीत फीत कापणं आहे."

ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मालकांच्या म्होरला पण आला पायजे फोटोत."

"म्होरं कोण आहे?"

"तेच बघायचं हाय. मला दिसंना. गुरुपादप्पांला दिसंना. मालक म्हणतेत, एक माणूस हात पसरून उभा हाय. वीणा मागून राहिला."

मी तिला पाणी दिलं. तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते असं. गावातली धडधाकट माणसं उसाच्या तोडीला गेलेली. सप्ताह मोडायचा नाही म्हणून गुरुपादप्पांनी, म्हणजे मठाचं सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्यांनी, उरल्यासुरल्यांत पहारे वाटले. पहाटेचा पहारा चन्नबसप्पांकडं आला. त्यांच्या मागून घेणारा तापानं पडला. तेव्हापासून चन्नबसप्पा उभेच. दुसरा एक जण घ्यायला गेला तर त्याला म्हणाले, तुझ्या अगोदर हे उभे हायत, यांना टाकून तुला कसा देऊ. मग त्यांनाच द्या म्हटलं, तर म्हणाले, यांना द्यायला माझा हात उचलंना.

"अक्का, त्यांना डॉक्टरला दाखवा," मी म्हणालो. "माणूस उभ्या उभ्या थकला की डोळ्यापुढं काहीही येतं."

"डॉक्टर येऊन वीणा घेणार हाय का?" ती म्हणाली. "दम लागलाय त्यांला. ओठ निळे पडलेत. उद्या रात्रीपतोर टिकत न्हाईत ते. तुम्ही फोटो काढा, म्हंजे त्यांला दाखवता यील, म्होरं कुणी न्हाई म्हणून. तुमच्या फोटोवर इस्वास ठिवतील. माझ्यावर न्हाई."

मला ते पटलं. फोटो धुऊन येईपर्यंत कितीसा वेळ जाईल याचा हिशेब मी केला नाही, तिनंही केला नाही. खरं सांगायचं तर मी मनात वेगळंच ठरवलं होतं. मी स्वतः आंघोळ करून जाणार, वीणा मागून घेणार, आणि चन्नबसप्पांना सरकारी दवाखान्यात पाठवणार. एवढी कीर्तनं फुकट ऐकली, एक पहारा देणं लागतच होतो.

*

पहिली गाडी मला फाट्यावर सोडून गेली तेव्हा फटफटत होतं. दुष्काळातली थंडी वेगळी असते. तिच्यात ओल नसते, दव नसतं, नुसतं पातं असतं. तळ्याच्या तळाशी भेगा पडलेल्या, त्यात पांढरं काहीतरी चमकत होतं, शिंपले असावेत. तुरीची खोडं काळी उभी होती. पक्षी नव्हते. मी पिशवी घोंगडीत गुंडाळून काखेत धरली आणि वीणेच्या आवाजावर चालत राहिलो. गाव दिसायच्या अगोदर तार ऐकू येत होती. टुंग, टुंग, टुंग. मधे कुठं चुकत नव्हती.

मठाच्या अंगणात गोणपाटाचा मांडव. दाराला केळीचे खांब असतात, तिथं निवडुंगाला हळद लावून उभा केलेला. बाहेर शेकोटीपाशी गुरुपादप्पा आणि मृदंगवाला ग्यानोबा बसले होते. दोघांच्या तोंडातून बोलताना वाफेचे लोट निघत होते.

"या शिवलिंगअप्पा," गुरुपादप्पा म्हणाले. "ते कॅमेऱ्याचं गाठोडं ठिवा की इस्तवापाशी. गारठलं आसल बिचारं."

"नको अप्पा. त्याला ऊब बाधते."

"आमच्या सुनेसारखं दिसतंय," ग्यानोबा म्हणाला. "शेगडीपाशी बसा म्हटलं की तिला डोकं दुखतं." मग माझ्याकडं वळला. "फोटोवाले, माझाबी एक काढा. मृदंग बारीक आला तर येऊ द्या, मी जाड दिसलो पायजे. अवंदा जाड दिसलेलं बरं आसतं, सोयऱ्याधायऱ्यांत पत राहती."

मी हसलो. तोही हसला, पण हसताना मांडवाकडं बघत नव्हता. दोघंही मांडवाकडं पाठ करून बसले होते.

"अप्पा, मी आंघोळ करून येतो आणि वीणा घेतो," मी म्हणालो.

गुरुपादप्पांनी काटकीनं निखारा उगाच हलवला. "मागून बघा," ते म्हणाले. "आम्ही नको म्हणत न्हाई."

मठाच्या मागं रांजणात टँकरचं पाणी होतं. तांब्याभर अंगावर घेतलं, भस्म लावलं. दातावर दात वाजत होते. शिवकांता दारात उभी होती. तिनं मला कोरडा पंचा दिला आणि म्हणाली, "अगोदर फोटो."

आत शिरलो. सहा-सात माणसं असतील, बहुतेक म्हाताऱ्या बायका, घोंगड्या पांघरून टाळ धरून बसलेल्या. मांडवाला दोन्हीकडून वारा. आतली थंडी आणि बाहेरची थंडी एकच होती. मुद्दाम लिहितो. तिथं भिंगावर घाम यायला ऊबच नव्हती. तरी मी सवयीनं थांबलो, पिशवी हातात धरून बायकांबरोबर नाम घेतलं, मगच सुतळी सोडली. पिशवी कोरडी. कॅमेरा कोरडा.

मांडवाच्या मधोमध चन्नबसप्पा उभे होते. गळ्यात वीणा, तिला झेंडूचा वाळका हार. ओठ खरोखरच जांभळे झाले होते. छाती भात्यासारखी वरखाली आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. पण तारेवरचं बोट शांत होतं. त्यांची नजर समोर होती, माणसाच्या तोंडाकडं बघावं तेवढ्या उंचीवर. बसलेल्या बायकांनी दोन्ही बाजूंना जागा धरली होती. समोरची जागा कुणी धरली नव्हती.

मी बाजूनं एक फोटो घेतला. माझा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा. दोन भिंगं, एक बघायला, एक फोटो घ्यायला. वरच्या काचेत चन्नबसप्पा स्वच्छ दिसले, हाराच्या पाकळ्या मोजता येतील इतके. रोल हळू फिरवला. दुसऱ्या बाजूनं एक घेतला. तोही स्वच्छ.

मग समोर गेलो.

काचेत एकदम दूध सांडल्यासारखं झालं. मी कॅमेरा उलटा करून बघितला. वरचं भिंग मधोमध पांढरं झालेलं, कडेला स्वच्छ. मलमलीच्या फडक्यानं हलकेच पुसलं. पुन्हा धरलं. पुन्हा तसंच. मी दोन पावलं बाजूला सरलो, भिंग निवळलं. ग्यानोबा आत येऊन मृदंगाला कणीक लावत होता, त्याच्याकडं धरलं, स्वच्छ. पुन्हा समोर आलो. पांढरं. तरी तसेच दोन-तीन फोटो घेतले.

मला अजून भीती वाटली नव्हती. हा माझा धंदा आहे, एखादी गोष्ट का होते हे मला कळतं. काचेवर वाफ येते ती कशाची तरी येते. माझ्या श्वासाची नव्हे, कारण माझं तोंड कॅमेऱ्याच्या वर आणि मागं होतं, भिंगाच्या पुढं नव्हतं. चन्नबसप्पांची म्हणावी तर ते माझ्यापासून चांगले दोन-तीन हात लांब होते. मी मान वाकवून बाजूनं भिंगाकडं बघत राहिलो.

वाफ पसरायची. मग आकसायची. मग पसरायची.

चन्नबसप्पांचा दम भरभर चालला होता. काचेवरची वाफ संथ होती. झोपलेल्या माणसासारखी संथ.

"आला का फोटोत?" शिवकांतानं दबक्या आवाजात विचारलं.

"भिंगाला घाम आलाय," मी म्हणालो.

"कुठून?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला जे कळायचं ते कळलं. ती तिथंच खाली बसली.

चन्नबसप्पा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले. शब्दागणिक थांबत. "शिवलिंगअप्पा. जरा. बाजूला व्हा. तुम्ही. त्यांच्या अंगाला. लागलाव."

मी बाजूला झालो. विचार करून नव्हे, कुणाला धक्का लागला की आपण होतो तसा.

*

आता मला माझा बेत आठवला. या माणसाच्या गळ्यातली वीणा काढली पाहिजे, बाकीचं नंतर बघू. कॅमेरा गळ्यात तसाच सोडला, हात जोडले, मग पसरले.

"शरणार्थ, चन्नबसप्पा. वीणा द्या मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देता येत न्हाई, अप्पा. तुमच्या अगोदर. हे हायत."

"मग त्यांना द्या."

"भ्या वाटतं."

पहाऱ्याला दोघं एकदम आले तर मागचा पुढच्याला म्हणतो, अगोदर तुम्ही. ही रीत आहे. मला सुचलं ते एवढंच, की आजारी माणसाशी वाद घालू नये, त्याच्याच वाटेनं जावं. त्यानं हात सैल सोडले की वीणा माझ्याच हातात पडेल. तिथं दुसरं होतं कोण.

मी त्या मोकळ्या जागेच्या शेजारी उभा राहिलो, हात पुढं करून, आणि मान लववून म्हणालो, "अगोदर तुम्ही. मी तुमच्याकडून घेतो."

ग्यानोबाचा मृदंगावरचा हात थांबला.

गुरुपादप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनी डोळे मिटले. "बोललाव तुम्ही," ते म्हणाले. "आता द्या, चन्नबसप्पा. मागणाऱ्याला न्हाई म्हणू नये."

शिवकांतानं नवऱ्याच्या पायाचा अंगठा धरला होता.

चन्नबसप्पांनी एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं पट्टा मानेवरून काढला. दोन्ही हात पुढं केले. "शरणार्थ," म्हणाले.

माझे हात खाली तयारच होते.

माझ्या छातीवरची दोन्ही भिंगं एकाच वेळी पांढरी झाली.

चन्नबसप्पांनी हात मागं घेतले.

माझ्या हातात काही पडलं नाही.

"खाली बघा," गुरुपादप्पा म्हणाले. "सगळे खाली बघा."

मी खाली बघितलं. गोणपाटावर माझे पाय, शिवकांताचा हात, चन्नबसप्पांचे सुजलेले पाय.

तार वाजत होती.

टुंग, टुंग, टुंग. पहिल्यापेक्षा ठाय, संथ लयीत. वीणेकरी डुलतो तशी डुलत. झेंडूची एक वाळकी पाकळी माझ्या पायाशी पडली. थोड्या वेळानं दुसरी, जरा पुढं. मग तिसरी, आणखी पुढं. बायकांनी नाम धरलं. ग्यानोबानं थाप दिली, त्याचा हात पहिल्यांदा चुकला, मग सावरला. गुरुपादप्पांनी एक अभंग घेतला आणि मीही म्हणालो, कारण न म्हणता तिथं उभं राहवत नव्हतं. आयुष्यात इतकी कीर्तनं ऐकली, पण नाम इतकं घट्ट धरून कधी म्हटलं नव्हतं.

चन्नबसप्पा बायकोच्या मांडीवर आडवे झाले होते. छातीची शिट्टी थांबली होती.

अभंग संपला. कुणी मान वर केली नाही. पाकळ्या माझ्यापासून निघून वळसा घेऊन परत माझ्यापर्यंत आल्या होत्या.

"शिवलिंगअप्पा," गुरुपादप्पा खाली बघतच म्हणाले, "तुम्ही शब्द दिला हाय. त्यांच्याकडून घेतो म्हणून."

मला नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. त्या वेळी सुचला नाही. मी डोळे मिटून हात पसरले. "शरणार्थ," म्हणालो.

दोन आवाजांनी म्हटल्यासारखं झालं.

वीणेचं वजन हातात आलं. पट्टा डोक्यावरून मानेत पडला. तो कोमट होता. माझी सदऱ्याची कॉलर पट्ट्याखाली दुमडली होती. कुणीतरी ती मागून हळूच सरळ केली. शाळेत धाडताना आई करते तशी.

मी तारेवर बोट ठेवलं.

*

दुपारी तोडीवरून चार माणसं परत आली. त्यातल्या एकानं आंघोळ करून वीणा मागितली. त्याला मी बघितलं, ओळखलं, त्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि मठाच्या ओट्यावर बसलो. ग्यानोबानं चहा आणून दिला. त्यानं चेष्टा केली नाही. "पुढच्या साली पहाटेचा पहारा मी घीन म्हणलो व्हतो," एवढंच म्हणाला, आणि कप घेऊन गेला. सप्ताह पार पडला. वीणा टेकली नाही.

मी घरी येऊन रोल धुतला. बाजूचे दोन फोटो छान आले होते. समोरचे सगळे पांढरे. एकात खालच्या कोपऱ्यात चन्नबसप्पांचे पाय तेवढे दिसत होते. तो मी छापला नाही. बाजूचा एक छापला, मोठा करून, आणि पाकिटात घालून ठेवला.

न्यायला ते दोघं आले ते रथसप्तमीच्या सुमाराला. थंडी तेव्हा मुरलेली होती. सकाळी दुकान उघडत होतो तर दोघं पायरीशी उभे. चन्नबसप्पा ताठ उभे, चेहऱ्यावर रंग चढलेला. मी त्यांना इतकं चांगलं कधी बघितलं नव्हतं.

"दम गेला," ते म्हणाले. "साफ गेला. पायी आलो फाट्यापर्यंत. मधे कुठं टेकलो न्हाई. विचारा हिला."

"हाव," शिवकांता म्हणाली. "टेकले न्हाईत."

मी फोटो दिला. त्यांनी तो उजेडात धरला आणि खूष होऊन बोलत राहिले. वीणा कशी दिसतेय, हार कसा दिसतोय, पुढच्या साली पहाटेचा पहारा आपणच मागून घेणार. लांबलचक वाक्यं, मधे न थांबता. पूर्वी हा माणूस चार शब्द बोलून छाती धरायचा. शिवकांता फोटोत नवऱ्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेकडं बघत होती.

"जेवण कसं आहे?" मी विचारलं.

"घालते म्या," ती म्हणाली. "जेवतेत. नको न्हाई म्हणत."

"झोप?"

"लागती." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "लई शांत लागती. पयली घरघर आसायची रातभर. आता म्या कान लावून बघते."

 

समोरच्या टपरीवर हमाल चहा पीत होते आणि त्यांच्या डोक्यावर वाफेचं छप्पर झालं होतं. शिवकांता बोलली की तिच्या ओठांपुढं पांढरं फुलायचं आणि विरायचं. मी अगोदर माझ्या तोंडापुढं बघितलं. होतं. मग चन्नबसप्पांकडं बघितलं. ते मला सांगत होते, थंडी यंदा लागतच नाही. हसले, मोठ्यानं हसले. त्यांच्या तोंडापुढची हवा तशीच राहिली, स्वच्छ.

मी कुठं बघतोय हे शिवकांताच्या ध्यानात आलं. तिनं फोटो पिशवीत ठेवला. नवऱ्याच्या गळ्यातला मफलर सोडला, त्याच्या नाकावरून, तोंडावरून दोन वेढे दिले, मागं गाठ मारली आणि गाठ पक्की आहे का ते ओढून बघितलं.

"थंडी लई हाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.